कुटुंबनियोजनापलीकडचे आरोग्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला बोलावले तेव्हा विषय दिला तो ‘सरकारच्या आरोग्य योजना’ असा. योजनांची यादी दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलीच असते, आणि ती वाचायला कोणी थांबत नाही, हे मी नर्सच्या नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. तेव्हा यादी मी वाचणार नाही. पाळी येते तेव्हापासून ती जाईपर्यंत ज्या तक्रारी आपण ‘बायकांचे दुखणे’ म्हणून पदराआड ठेवतो, त्यांच्याकडे सरकारने आजवर कसे पाहिले आणि आज आपल्याला काय मागता येते, एवढेच सांगणार आहे. लहान मुलींना बाहेर पाठवावे काय, असे मघाशी एकीने विचारले. बसू द्या त्यांना.

या विषयाची सुरुवात सरकारने केली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून ते अखेरपर्यंत चालवले, कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यांचा एक खटला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चालवला. १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाची सोय सरकारने करावी असा ठराव आला. तो नामंजूर झाला. त्या ठरावामागे बाळंतपणाने झिजणाऱ्या बाईचा विचार होता, हे मला विशेष वाटते. कारण पुढे सरकार या कामात उतरले तेव्हा बाई मागे पडली आणि आकडा पुढे आला.

१९५२ साली आपल्या देशाने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असे करणारा तो जगातला पहिला देश. अभिमानाचीच गोष्ट. परंतु प्रश्न विचारला गेला तो ‘मुले किती?’ असा, ‘बाई, तुमची प्रकृती कशी आहे?’ हा नव्हे. त्याचा कळस आणीबाणीत झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत ६० लाखांच्या वर पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकच १९७६ साली मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. त्या जबरदस्तीने लोक असे बिथरले, की त्यानंतर पुरुषांनी हात वर केले आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर बायका आल्या. त्या अजून उतरलेल्या नाहीत.

मी नोकरीला लागले ते या उलथापालथीनंतर. तेव्हाही आम्हा नर्सबाईंना वर्षाचे ‘टार्गेट’ असे आणि मार्च महिना जवळ आला की त्याचीच चर्चा. बाईला आम्ही ‘केस’ म्हणत असू. तिला पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत फार रक्तस्राव होतो, हे लिहायला आमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता. रकाना नसला की दुखणेही नाही, असे दप्तर मानते.

तो रकाना किती मोठा आहे हे दाखवले आपल्याच राज्यातल्या गडचिरोलीने. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता. आणि पूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८! मैत्रिणींनो, या निवडून आणलेल्या आजारी बायका नव्हत्या. शेतावर जाणाऱ्या, लाकडे आणणाऱ्या, हसत्या-बोलत्या बायका होत्या. जगभरच्या तज्ज्ञांनी या अभ्यासाची दखल घेतली. १९९४ साली कैरो येथे राष्ट्रांची परिषद भरली, तीत लोकसंख्येऐवजी स्त्रीचे प्रजनन-आरोग्य व तिची निवड मध्यभागी आणावी असे ठरले. भारत सरकारने १९९६ साली ती टार्गेटे काढून टाकली, १९९७ साली प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला, आणि २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ दारी येऊ लागली.

कागद बदलला, सवयी सावकाश बदलतात. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरला नसबंदी शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या तेरा बायका दगावल्या. बिहारमध्ये २०१२ साली एका शाळेत अशाच शस्त्रक्रिया उरकल्या होत्या, त्यावर देविका बिस्वास यांनी याचिका केली होती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा आणि दवाखाने सुधारा.

आणि आपल्या बीडचे? ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली राज्याने चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा पडला की मजुरी बुडते, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. मग पांढरे जाण्यासारख्या तक्रारीलाही कोणी म्हणतो पिशवी काढ, आणि ती बाई कर्ज काढून काढते. गडचिरोलीच्या त्या रिकाम्या रकान्याची किंमत इथे कळते.

बीड दूर आहे असे समजू नका. आपल्या भिवंडीत यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळीने चालतो. घरोघर बायका कांड्या भरतात, गोदामांत मालाची बांधाबांध करतात, आणि जितके काम तितकेच दाम. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो, तीच कामाची वेळ. माझ्या शेजारच्या चाळीत उत्तर प्रदेशातून आलेली एक सून आहे, दोन मुलांची आई. दोन वर्षे अंगावरून जात होते. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितले, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’ वय सत्तावीस! सासूने पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. मी म्हटले, ‘अम्मा, आठ दिवस थांबा.’ तिला सरकारी रुग्णालयात नेले. तपासणी झाली, जंतुसंसर्ग निघाला. या तक्रारींची औषधे तिथे रंगीत पुड्यांत मोफत मिळतात, तक्रारीप्रमाणे रंग ठरलेला. तिला दिली आणि नवऱ्यालाही दिली, कारण त्याने घेतली नाहीत तर दुखणे फिरून येते. नवऱ्याला आणणे हेच सर्वांत अवघड गेले. तो मागावरून सुटून आला तो तोंड पाडून, पण आला. ती आता बरी आहे आणि पिशवी जागच्या जागी आहे.

तर काय मागता येते? बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, सरकारी रुग्णालयात पूर्ण मोफत आहे. २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे औषध, रक्त, तपासण्या, तिथले जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सारे त्यात आले. कोणी बाहेरून औषध आणायला सांगितले तर ‘हे मोफत यादीत नाही काय?’ एवढे शांतपणे विचारावे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते. ही सोय २०१६ पासून आहे. गावी बाळंतपणाला जाणाऱ्या सुनांनी माता-बाल कार्ड बरोबर न्यावे, ते ट्रंकेत ठेवण्यासाठी नसते. तिशी ओलांडलेल्यांना गर्भाशयाच्या मुखाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करून घेता येते. ती दुखत नाही, फक्त लाज वाटते.

पाळणा लांबवायचा तर तांबी, गोळ्या, निरोध यांच्याबरोबर २०१७ पासून तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि आठवड्याची ‘छाया’ गोळी आहे. कोणते साधन घ्यायचे ते बाईने ठरवायचे. शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची सही लागते असे अजून पुष्कळ ठिकाणी ऐकवतात; सरकारच्या नियमांत तशी अट नाही.

गर्भपाताविषयी हलक्या आवाजात बोलतात, मी नेहमीच्या आवाजात बोलते. १९७१ च्या कायद्याने तो ठरावीक कारणांसाठी, मान्यताप्राप्त जागी, अधिकृत डॉक्टरकडून करून घेता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. २०२१ च्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, आणि काही परिस्थितींत दोघांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुदत आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही ती मुदत दिली. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे ही मात्र वेगळी गोष्ट. गर्भलिंग तपासण्यावर बंदीचा कायदा देशात प्रथम आपल्याच राज्याने १९८८ साली केला, आणि तो गुन्हाच आहे.

आता एक आकडा घरी जाऊन सांगण्यासारखा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी ४९ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची झाली होती अशा शंभरात एकसुद्धा नाही, अर्धीही नाही! पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, टाक्याविना होणारी, त्याच दिवशी घरी जाता येणारी. बाईची पोटावरची. तरी ‘त्यांना मागावर उभे राहायचे असते, अशक्तपणा येईल’ असे आपणच म्हणतो. अशक्तपणा येत नाही. कांड्या काय आपोआप भरल्या जातात?

मंडळाला माझी एक सूचना आहे. हळदीकुंकू, भजन, भिशी चालू द्या. पण आठवड्यातून एक सकाळ दोघीजणींनी इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात एखाद्या शेजारणीबरोबर जाण्यासाठी राखून ठेवा. परप्रांतातून आलेल्या सुनेला खिडकीवरचे मराठी वाचता येत नाही, आणि मराठी सुनेला ते मोठ्याने विचारवत नाही. बरोबर कोणी असले की दोघींचेही काम होते. कार्यकारिणीने मान्य केल्यास पहिल्या महिन्याच्या चारही सकाळी मी येईन.

प्रश्न उभे राहून विचारायला संकोच वाटत असेल त्यांच्यासाठी चहाच्या टेबलाजवळ डबा आणि कागद ठेवला आहे. नाव लिहू नका. लिहिता येत नसेल तर मी चपलांजवळच्या खुर्चीत बसते आहे, तिथे येऊन कानात सांगा.