आकाशातला दगड ओळखायचा कसा?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने सांगितलंय, "सर, मुलांनाही कळेल असं बोला, आणि साडेआठला जेवण आहे." म्हणून लगेच विषयावर येतो. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, त्यामुळे इमारतीत कुणाला वेगळा दगड दिसला की तो माझ्या दारात येतो. त्याचा मला आनंदच आहे. पण या वर्षी एक दगड फोटोतून आला, आणि सोबत चार लाखांची किंमत घेऊन आला. आपल्याच एका सभासदांना हायवेलगतच्या हॉटेलात कुणीतरी 'उल्का' दाखवली होती. सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट होतं, आणि 'टेस्टिंग'साठी पन्नास हजार आधी द्यायचे होते. ते पैसे मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी बाजूला काढलेले. त्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता हे सांगतोय.

आधी शब्द नीट करू. आकाशात दिसते ती प्रकाशाची रेघ म्हणजे उल्का. त्यातून जमिनीपर्यंत पोचतो तो दगड म्हणजे अशनी. आपल्या महाराष्ट्रात असा दगड अगदी अलीकडे पडला. 22 मे 2012 रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला मोठे आवाज झाले आणि गावात, आसपास दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी ते गोळा केले, प्रयोगशाळेत तपासले, वर्ग ठरवला: एल-6. पुढे 2021 मध्ये याच काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्या पायाखाली शेकडो किलोमीटर खोल याच खनिजाचे प्रचंड थर आहेत, पण तिथून ते वर आणता येत नाही. ते आकाशातून काटोलला आलं! खऱ्या अशनीची किंमत ही असते.

आता घरगुती परीक्षा. चुंबक लावून बघतात सगळे. बहुतेक अशनींत लोखंडाचे कण असतात, त्यामुळे चुंबक चिकटतो, हे खरं. पण आपण बसलोय तो सगळा पट्टा काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. त्यातही मॅग्नेटाइट असतं, आणि बारीक दोऱ्याला टांगलेला चुंबक त्याच्याकडेही ओढला जातो. भट्टीतली मळी तर विचारूच नका. आयुर्वेदात जिला मंडूर म्हणतात तीच ही जात. काळी, जड, वरून वितळल्यासारखी. कारखान्यांच्या भागात भरावात असे गोळे निघतात आणि दरवेळी कुणीतरी म्हणतं, "आकाशातून पडलाय!" असा गोळा फोडा. आत बुडबुड्यांची भोकं दिसली तर विषय संपला. अशनीत अशी भोकं जवळजवळ नसतातच. त्याच्या अंगावर असतात ते ओल्या मातीवर अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे, आणि काळं कवच एक मिलिमीटरपेक्षाही पातळ.

दुसरी परीक्षा फरशीची. बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगड घासा. लालसर रेघ उठली तर हेमाटाइट, ठळक काळी उठली तर मॅग्नेटाइट. दोन्ही पृथ्वीवरचीच.

निकेलची परीक्षा विक्रेते फार रुबाबात करून दाखवतात. कापसाच्या बोळ्यावर औषध, दगडाला घासलं की बोळा गुलाबी! लोखंडी अशनीत निकेल असतंच, हे बरोबर. पण भाईंदरच्या लोकांना स्टेनलेस स्टील मी काय शिकवू? आपल्या चांगल्या भांड्यांच्या 304 स्टीलमध्येही आठ टक्क्यांच्या वर निकेल असतं. बोळा गुलाबी होणं म्हणजे निकेल आहे, एवढंच. ते आकाशातून आलं की रोलिंग मिलमधून, हे बोळा सांगत नाही.

म्हणजे घरच्या सगळ्या परीक्षा फक्त 'नाही' म्हणू शकतात. 'हो' म्हणायचा अधिकार प्रयोगशाळेचा. तिथे दगडाचा पातळ काप काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, खनिजांचं रसायन मोजतात. मग आंतरराष्ट्रीय समिती त्याला नाव देते. ते नाव सहसा पडला किंवा सापडला त्या जागेचं असतं आणि मेटिऑरिटिकल बुलेटिनच्या यादीत जातं. ही यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. काटोल टाइप करा, काटोल दिसेल.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न दगडाबद्दल विचारायचाच नाही. विचारायचं, "याचं नाव काय?" नाव नसेल तर शिक्का कितीही सोनेरी असो. आणि नाव सांगितलं तरी हातातला तुकडा त्याच अशनीचा आहे कशावरून, तो कुणाकडून कुणाकडे आला, याचे कागद मागायचे. 'लोणारची उल्का' म्हणून कुणी काही पुढे केलं तर हसून उठा. लोणारचं विवर अशनीच्या आघाताने झालं, हे तिथल्या काचेवरून आणि खनिजांवरून सिद्ध झालंय. पण विकायला ठेवता येईल असा त्या अशनीचा तुकडा काही मिळालेला नाही.

डोळ्यांनी पडताना पाहिलं, हाही पुरावा पुरत नाही. 2022 च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळते गोळे पाहिले. सगळे म्हणाले उल्कावर्षाव. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला पडलेली निघाली धातूची भली मोठी कडी! चीनच्या रॉकेटचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

किरणं सोडणारा दगड, तांदूळ ओढणारं भांडं, तपासायला खास सूट घातलेले 'शास्त्रज्ञ', हे सगळे एकाच कुटुंबातले. अशनी हातात घ्यायला धोकादायक नसतो. आणि 'टेस्टिंग फी' आधी मागणारा माणूस दगड विकत नसतो, फीच विकत असतो.

आपल्या सभासदांनी त्या माणसाला नाव विचारलं. "ऑफिसला विचारून सांगतो," म्हणाला. त्यानंतर फोन उचलला नाही. मुलगी आता फर्स्ट इयरला आहे, आणि आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे.

आता मुलांसाठी. खरंच कुठे दगड पडताना दिसला तर धुवायचा नाही, फोडायचा नाही, आणि जोरदार चुंबक तर अजिबात लावायचा नाही. दगडात लाखो-कोट्यवधी वर्षांची चुंबकीय नोंद असते, ती एका झटक्यात पुसली जाते. जागेचा फोटो, वेळ, दिशा लिहून ठेवा. दगड कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशात पडलेले अशनी तेच सांभाळतात. उशीर करू नका, कारण ताज्या दगडातले काही किरणोत्सारी अणू थोड्या दिवसांत नाहीसे होतात, आणि अवकाशातल्या प्रवासाची काही माहिती त्यांच्यात असते.

टेबलावर तीन दगड ठेवलेत: एक बेसाल्ट, एक मळी, एक हेमाटाइट. टाइलही आणली आहे. जेवणाआधी घासून बघा.