शिकेकाईचे पाणी



आज मी तुमच्याशी न्हाण्याविषयी बोलणार आहे. महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माणसाने केस धुण्याच्या काढ्यावर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याला कारण घरचेच आहे, आणि ते थोडे लाजेचेही आहे.

माझ्या आईचे माहेर गडचिरोलीकडचे. चंद्रपूरच्या आमच्या घरी आम्ही सारी भावंडे तिच्या हातच्या शिकेकाईने न्हालो. शनिवारी रात्री शेंगा भिजायच्या, रविवारी सकाळी पातेले चुलीवर चढायचे. चुलीच्या जागी गॅस आला, तरी पातेले तेच राहिले. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे केस एकाएकी गळू लागले. फणीत केस, उशीवर केस, मोरीच्या जाळीत केस! घरात कुजबुज झाली, आणि एके दिवशी मीच आईला म्हणालो, "आता तो काढा पुरे कर."

आई म्हणाली, "माज्या काढ्यानं कोनाचे केस नाही गेले, बाबू." एवढे बोलून तिने पातेले माळ्यावर ठेवून दिले.

मुलीला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता काय?" आला होता. मलेरियाने ती चांगली पंधरा दिवस अंथरुणाला खिळली होती. मोठा ताप, बाळंतपण किंवा उपासमार यांनंतर पुष्कळसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात. तोवर आपण ताप विसरलेले असतो, आणि दोष देतो तो कालच्या न्हाण्याला! केसांचे मूळ शाबूत असते, म्हणून ते बहुधा पुन्हा येतात. मुलीच्या रक्तात लोहही कमी निघाले. औषधपाणी झाले आणि काही महिन्यांत केस परत आले.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. काढ्याचे काम डोके स्वच्छ करण्याचे. केस वाढविण्याचे नव्हे. केस वाढतात ते आतून, अन्नावर आणि रक्तावर. हे एकदा मान्य केले, की काढ्याला नसता दोषही लागत नाही आणि नसते श्रेयही जात नाही.

आता तो स्वच्छता कशी करतो, हे आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला समजावून दिले ते सांगतो. आपल्याकडे कित्येक विहिरींचे पाणी जड असते. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते हे पाणी. त्यातील क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शिकेकाईत आणि रिठ्यात फेस आणणारे जे द्रव्य आहे, त्याचा असा साका होत नाही. शिवाय साबण अल्कधर्मी, तर शिकेकाई किंचित आम्ल. आणि आपली त्वचाही किंचित आम्लच असते. बाजारच्या शांपूचाही जड पाण्यात साका होत नाही, हे खरे. ज्याला तो मानवतो त्याने तो खुशाल वापरावा.

कृती सोपी आहे. दोन डोक्यांपुरते घ्यायचे, तर शिकेकाईच्या ५० ग्रॅम शेंगा फोडून बिया काढाव्या. सहा-सात रिठे घ्यावे. आतले काळे टणक बी टाकून द्यावे. मूठभर आवळकाठी घालावी. एक लिटर पाण्यात हे रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळावे. आच मोठी केली, तर सारा फेस गॅसवर! भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत आवळ्याचे पाणी काळेकुट्ट होते. निवल्यावर हाताने कुस्करून पंच्यातून दोनदा गाळावे, नाही तर कण केसांत अडकून बसतात.

कोमट काढा टाळूवर घालून बोटांच्या पेरांनी चोळावे, नखांनी नव्हे. डोळे घट्ट मिटावे, कारण रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे. मग भरपूर पाण्याने धुवावे. फेस थोडा येतो, म्हणून मळ निघाला नाही असे समजू नये. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. घाम आणि कोळशाची धूळ एक होते. तरीही आठवड्यातून दोनदा पुरे, अधिक केल्यास केस कोरडे होतात. उरलेला काढा साठवू नये, तो आंबतो. तो तळ्यातही ओतू नये. हे फेसाचे द्रव्य माशांना घातक आहे, आणि मामा तलावातल्या माशांवर कित्येकांचे पोट चालते.

टाळूवर गोल चट्टे पडले, चाई लागली, खपल्यांतून पाणी येऊ लागले, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. केसांबरोबर थकवाही असेल, तर रक्त तपासून घ्यावे. आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे, हे विसरू नये.

जाता जाता जंगलाविषयी एक शब्द. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामस्थांचा हक्क मान्य झाला. २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क आला, तशी जबाबदारीही आली. आवळ्यासाठी फांदीच तोडली, तर पुढल्या हिवाळ्यात आवळा कोठून यायचा?

मुलीचे केस परत आल्यावर मी स्वतः माळ्यावर चढून ते पातेले खाली काढले. आईला काय बोलावे ते सुचेना. तिने पातेल्यावरची धूळ पदराने पुसली आणि एवढेच विचारले, "शेंगा आनल्या का?"

शेंगा मी आधीच आणून ठेवल्या होत्या.