वाळवंटातील निळे शिरस्त्राण

१९५६ च्या नोव्हेंबरात सुवेझचे युद्ध नुकतेच थांबले होते. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतून ईजिप्तमध्ये उतरलेल्या भारतीय जवानाच्या मस्तकी निळे शिरस्त्राण आले. सिनाईच्या वाळूत पाऊल रुते. दिवसा डोळ्यांत रेती, रात्री हाडे गोठविणारी थंडी आणि वाटेवर पेरलेले सुरुंग! परंतु खरी कसोटी मनाची होती. शत्रूवर तुटून पडण्याचे शिक्षण घेतलेल्या या वीराला येथे शत्रूच नव्हता. हातातील बंदूक केवळ स्वसंरक्षणार्थ. दोन वैऱ्यांच्या मधोमध शांतपणे उभे राहणे, हाच त्याचा धर्म ठरला. पुढे दहा वर्षांहून अधिक काळ भारतीय तुकड्यांनी तो पाळला. १९६७ च्या जूनमध्ये पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा परतीच्या वाटेवरील काही भारतीय जवान गाझामध्ये प्राणांस मुकले.