व्यायामशाळा आणि तिचा जमाखर्च
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात तरुणांच्या व्यवसायाविषयी मी चार शब्द बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेल्या आणि सारे आयुष्य खडू-फळ्यापाशी घालविलेल्या माणसाचा या विषयात अधिकार तो काय, असा प्रश्न आपणांस पडणे साहजिक आहे. परंतु निवृत्तीनंतर माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या मी लिहून देत असतो, आणि त्यांपैकी तीन वह्या व्यायामशाळांच्या आहेत. शिवाय मंडळाच्या कर्जनिधीकडे अलीकडे येणाऱ्या अर्जांत, किराणा आणि कापड यांच्या जोडीला, 'जिम काढावयाची आहे' असे लिहिलेले अर्ज वारंवार दिसू लागले आहेत. म्हणून साऱ्या व्यवसायांवर वरवर बोलण्यापेक्षा या एकाच धंद्याच्या पोटात शिरावे असे मी ठरविले.

प्रथम एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. आपल्यातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "आमच्या वेळी गल्लोगल्ली तालमी होत्या, त्या कशा चालल्या? त्यांनी कोठे कर्जे काढली?" प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर तालमीच्या जागेत आहे. तालीम उभी असे ती देवळाच्या आवारात, नगरपालिकेच्या तुकड्यावर अथवा एखाद्या दात्याच्या वाड्यात. तिला भाडे नव्हते. हौद्यातील तांबड्या मातीत तेल, ताक आणि हळद पडे ती वर्गणीतून. मुद्गल आणि करेला सुताराकडून एकदा करून घेतले की दोन पिढ्या पुरत. वस्ताद पगारी नोकर नव्हता. गुरुपौर्णिमेचा नारळ आणि गावाचा मान हेच त्याचे वेतन. कोल्हापुरास तर प्रत्यक्ष शाहू महाराजांचा आश्रय होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली कॅप्टन दामले यांनी काढले. या संस्था ध्येयवादी माणसांनी लोकाश्रयावर उभ्या केल्या. कोणाच्या घरची चूल त्यांच्या नफ्यावर पेटत नव्हती. आपला तरुण जी व्यायामशाळा काढू पाहतो तिच्या उत्पन्नावर त्याला संसार करावयाचा आहे. दोहोंत लोखंड सारखे असले तरी हिशेब सारखा नाही.

आता हिशेबच मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. गावोगावी ते बदलतील, परंतु त्यांचे परस्परांशी असलेले नाते फारसे बदलणार नाही. तालुक्याच्या गावी दीड हजार चौरस फुटांचा एक गाळा आपण धरू. भाडे महिना ३५ हजार, आणि सहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणजे २ लाख १० हजार. यंत्रे आणि वजने मिळून १४ लाख. जमिनीवर रबराचे जाजम, भिंतींना आरसे, वीजजोडणी, रंग, पाटी या सर्वांस सुमारे ४ लाख. एकूण २० लाख झाले. त्यांपैकी १० लाख घरचे आणि १० लाख कर्जाचे, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता बसतो महिना २१ हजार ७०० रुपये.

उद्घाटनानंतरचा दर महिन्याचा खर्च पाहू. भाडे ३५ हजार. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन प्रशिक्षक, त्यांचे ३० हजार. झाडलोट ५ हजार. वीज १४ हजार, कारण आकारणी व्यापारी दराने होते आणि पायाखालून पट्टा सरकविणारी ट्रेडमिल व गारवा देणारी यंत्रे दोन्ही वीज खाण्यात पटाईत. दुरुस्ती ५ हजार, किरकोळ ४ हजार. हे ९३ हजार झाले. त्यात हप्ता मिळविला की १ लाख १४ हजार ७००. आणि चालकाने स्वतः पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत तेथे उभे राहावयाचे, त्याच्या श्रमाचे निदान २० हजार तरी धरावयास नकोत काय? म्हणजे १ लाख ३४ हजार ७००.

जमेची बाजू अशी. महिन्याची फी १ हजार असली तरी तीन महिन्यांची २,४०० आणि वर्षाची ७ हजार अशी सवलत द्यावीच लागते. सर्वांची सरासरी काढता माणशी महिना ७०० रुपये पदरात पडतात. आता भागाकार करा. हप्त्यासह खर्च भागविण्यासच १६४ सभासद लागतात, आणि चालकाच्या पोटासाठी १९३. हे आकडे पाटीवर नाव लिहिलेल्यांचे नव्हेत. त्या महिन्याचे पैसे प्रत्यक्ष भरलेल्यांचे आहेत. घरच्या दहा लाखांवर बँकेत पडून राहिल्यानेही महिना पाच हजारांच्या आसपास व्याज आले असते, ते मी अद्याप धरलेलेच नाही. ही बाब कोणत्याच अर्जात मला आढळली नाही.

या धंद्यातील सर्वांत मोठा सापळा मला जो दिसला तो वर्षाच्या आगाऊ फीचा. उद्घाटनाच्या सवलतीत साठ जणांनी ७ हजार भरले की ४ लाख २० हजार रुपये एकदम हाती येतात. तरुणास वाटते, धंदा लागला. वास्तविक ते उत्पन्न नव्हे, देणे आहे. त्या साठ माणसांस बारा महिने जागा, दिवे, वारा आणि प्रशिक्षक पुरविण्याचे ते कर्ज आहे, फक्त त्यावर बँकेचा शिक्का नाही. दर महिन्यास त्यातील ३५ हजारच आपले. उरलेले निराळ्या खात्यात ठेवून महिन्यामहिन्यास उतरवून घेतले पाहिजेत. माझ्याकडील तीन वह्यांपैकी ज्या एका वहीत हे पहिल्या दिवसापासून केले आहे, ती व्यायामशाळा आज सहाव्या वर्षात आहे.

याच्या उलट घडलेले एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, कारण ते कुटुंब आपल्यातलेच आहे. मुलगा गुणी, वजन उचलण्यात जिल्ह्यात पदक मिळविलेला, निर्व्यसनी. वडील नाहीत. आईने आपले दागिने गहाण टाकून त्यास भांडवल दिले. पहिल्या दोन महिन्यांत वर्षाची फी भरणारे पुष्कळ आले. त्या पैशांतून त्याने गारव्याची यंत्रे आणि आणखी दोन ट्रेडमिल घेतल्या. पाचव्या महिन्यात जवळच एका मोठ्या साखळीची चकचकीत शाखा निघाली. नवे सभासद तिकडे वळले, आणि जुने येत राहिले खरे, पण त्यांचे पैसे तर आधीच खर्च झालेले! पुढे एका प्रशिक्षकाने नोकरी सोडली, आणि तो जाताना आपल्या हाताखालची पंधरा-वीस माणसे घेऊन गेला. अकराव्या महिन्यात कुलूप लागले. यंत्रे आज मामाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली आहेत. आरसे आणि जाजम गाळ्यातच राहिले, कारण चिकटविलेली वस्तू काढली की तिला किंमत उरत नाही. त्या माउलीचे दागिने अद्याप सुटलेले नाहीत. मुलाच्या मेहनतीत तसूभर उणीव नव्हती, हे मी आवर्जून सांगतो. तो आज दुसऱ्याच्या व्यायामशाळेत पगारी प्रशिक्षक आहे आणि चांगले शिकवितो.

कित्येक सभासद पैसे भरून येतच नाहीत, आणि धंदा त्यांच्यावरच चालतो, असे चालक लोक हसत हसत सांगतात. यात तथ्य आहे. देलाविन्या आणि मालमेंदिएर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतील व्यायामशाळांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. महिन्याची ठरावीक वर्गणी भरणाऱ्यांस प्रत्येक खेपेस १७ डॉलरांहून अधिक पडत होते, आणि दहा खेपांचे तिकीट घेतले असते तर तेच १० डॉलरांत झाले असते. परंतु मोठ्या शहरातील साखळीस हे परवडते. तालुक्याच्या गावी न येणारा माणूस पुढल्या वर्षी पैसेही भरीत नाही, आणि चौकात "काही उपयोग नाही हो" असे सांगत फिरतो. आठ दिवस न आलेल्या सभासदाच्या घरी निरोप धाडणारा चालक मला अधिक व्यवहारी वाटतो. माझ्यातील शिक्षक त्याला अधिक नीतिमानही म्हणेल.

वर्षातील ऋतूंचाही हिशेब हवा. जानेवारीत संकल्पांची लाट येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा येतात आणि विद्यार्थी गळतात. लग्नसराईच्या आधी नवरदेव येतात व लग्न झाले की दिसत नाहीत. गणपती आणि दिवाळी या दिवसांत दालन ओस पडते. भाडे मात्र बारा महिने सारखे. २०२० साली तर मार्चमध्ये टाळेबंदी झाली. केंद्र सरकारने ५ ऑगस्टपासून व्यायामशाळांस मुभा दिली, तरी महाराष्ट्रात कुलपे निघाली ती २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. आणि एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा लागली. ज्यांच्यापाशी सहा महिन्यांचे भाडे शिलकीत होते, त्यांपैकी काही तगले. ते नव्हते त्यांनी यंत्रे मिळेल त्या किमतीस फुंकली.

कराविषयी थोडेसे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी आपल्याकडे सेवा देणाऱ्यास सक्तीची नाही. आपल्या उदाहरणात साधारण २३८ सभासद झाले की ती मर्यादा ओलांडली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळेच्या फीवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, याचा सर्वांस आनंद झाला. तथापि या ५ टक्क्यांबरोबर, यंत्रांच्या खरेदीवर आपण भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, ही गोष्ट यंत्रे विकणारा सांगत नाही. यंत्रांवर १८ टक्के कर आहे. तो आपल्या भांडवलातच गेला असे समजावे.

खरेदीविषयी माझे मत जुन्या वळणाचे आहे. लोखंड मरत नाही, पट्टा मरतो. वजनाच्या तबकड्या, दांडे आणि बाके वीस वर्षे टिकतात, किलोच्या भावाने मिळतात आणि विकतानाही काही देऊन जातात. ट्रेडमिलचा पट्टा व मोटर यांचे आयुष्य मोजके. तेव्हा प्रारंभी लोखंड भरपूर आणि ट्रेडमिल दोनच घ्याव्या. बंद पडलेल्या व्यायामशाळांचा माल बाजारात सदैव असतो. तो घेण्यात कमीपणा नाही. आणि पाच वर्षांनी हप्ता संपला म्हणजे महिना २१ हजारांचा नफा वाढला असे मानू नये. तोवर यंत्रे म्हातारी झालेली असतात. ती रक्कम त्यांच्या बदलीसाठी बाजूस पडली पाहिजे.

जागेचा करार तोंडी करू नये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. अकरा महिन्यांच्या करारावर चार लाखांचे जाजम आणि आरसे बसविणे म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीस सोन्याचा मुलामा देणे होय. मुदत निदान पाच वर्षांची मागावी, भाडेवाढ किती ते आधीच लिहून घ्यावे, आणि वजने आपटल्याचा आवाज वरच्या बिऱ्हाडांस चालेल काय हेही विचारावे. दुकान-आस्थापनेच्या २०१७ च्या कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असले तर केवळ सूचना द्यावी लागते. ते काम सोपे आहे.

कर्जासाठी घरातील सोने बाहेर काढण्याची पहिल्या पायरीवर गरज नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाविना १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. बँक कागद मागते, फेऱ्या घालावयास लावते, हे खरे. पण त्या फेऱ्यांत जो हिशेब मांडावा लागतो तो आईपुढे मांडावा लागत नाही, आणि नेमकी तेथेच गफलत होते. आई 'नाही' म्हणत नाही.

आता मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. आपले कार्यालय लग्नसराईचे दिवस सोडता सकाळी रिकामे असते. त्याच्या मागील दालनात, नाममात्र भाड्यावर, इच्छुक तरुणास सहा महिने केवळ लोखंडावर वर्ग चालवू द्यावा. पन्नास माणसे सहाव्या महिन्यातही फी भरून येतात काय, हे तेथे कळेल, आणि न कळले तरी गहाण काही पडणार नाही. दुसरे असे की, व्यायामशाळेसाठी कर्जनिधीकडे येणाऱ्या अर्जास सहा महिन्यांचे भाडे शिलकीत असल्याचा दाखला जोडणे आवश्यक करावे. कार्यकारिणीतील काही सन्माननीय सभासदांस ही अट कठोर वाटते, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ताडपत्रीखालची ती यंत्रे एकदा पाहून यावी.

ज्या कोणास असा हिशेब मांडून पाहावयाचा असेल त्याने वही घेऊन यावे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या कार्यालयात असतो. येताना आईवडिलांसही बरोबर आणावे.