पगार थांबला तर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन, जानेवारी २०२६)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘आयटी क्षेत्रातील संधी’. मी त्यांना फोन करून म्हटलं, संधीवर बोलायला नवीन मुलं आणा, मला सध्या दुसरंच काही सुचत नाहीये. ते म्हणाले, मग ते बोल. म्हणून बोलते.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या ऑफिसात सांगितलं की आमचा प्रोजेक्ट ३१ मार्चला बंद होणार. आम्ही बेचाळीस जण. त्यातले काही दुसरीकडे घेतले जातील, काहींना जावं लागेल. यादी अजून लागलेली नाही. मी अकरा वर्षं तिथे आहे, वय चव्वेचाळीस, घराचा हप्ता चालू, मुलगा यंदा दहावीला. नवरा खासगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचाही पगार नसतो. ही झाली माझी पार्श्वभूमी. रडायला उभी राहिलेली नाही, पण कशाच्या जोरावर बोलते आहे ते तुम्हाला ठाऊक असावं.

ही बातमी मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तेव्हा दोन उत्तरं आली. एक होतं, ‘तुम्हा आयटीवाल्यांना काय, कंपनी बंद पडली तरी सरकार सहा महिने पगार देतं.’ दुसरं, कुपवाड एमआयडीसीतल्या आपल्या एका मित्राचं, ग्रुपवर नाही, मला एकटीला. त्याचा कारखाना ऑगस्टमध्ये बंद पडला होता. त्याने लिहिलं होतं, ‘तुला निदान काहीतरी मिळेल. आम्हाला कोण विचारतंय?’

गंमत बघा, दोघांचंही अगदी उलटं आहे.

मला सरकारकडून एक रुपया मिळणार नाही. आपल्याकडे खासगी नोकरीतल्या, माझ्याएवढ्या पगाराच्या माणसाला बेकारी भत्ता देणारी योजनाच नाही. आणि त्या मित्राला मात्र मिळायला हवा होता. नऊ वर्षं त्याच्या पगारातून ईएसआय कापला जात होता आणि त्या पैशात हा हक्क आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पगाराच्या स्लिपवर नुसतं ‘ईएसआय’ लिहिलेलं असतं. बहुतेकांना वाटतं ते दवाखान्यासाठी.

आता नीट सांगते, कारण या हॉलमध्ये कारखान्यात, दुकानात, हॉटेलात, हॉस्पिटलात काम करणारे निम्मे तरी असाल. तुमची आस्थापना ईएसआयमध्ये असेल आणि महिना पगार २१ हजारांपर्यंत असेल तर तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १८ हजार पगार असेल तर तुमचे महिन्याला १३५ रुपये. यातून दोन योजना चालतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ ला सुरू झाली. आधी त्यात पगाराच्या पंचवीस टक्के मिळायचे, २०२० पासून पन्नास टक्के मिळतात, तेही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. १८ हजारवाल्याला दिवसाला साधारण ३००, म्हणजे तीन महिन्यांत २७ हजार. ही योजना मुदतवाढ घेत घेत चालत आली आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी चालू आहे का ते शाखा कार्यालयात विचारा. दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ ची. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर पहिले बारा महिने निम्मा आणि पुढचे बारा महिने पाव भत्ता, आणि त्या काळात ईएसआयचा दवाखानाही चालू राहतो. दोन्हींत आधी किती काळ वर्गणी भरलेली हवी याच्या अटी आहेत. त्या बघून कोणती लागू पडते ते ठरतं.

मी मित्राला हे कळवलं तर तो आठवडाभर गप्प. मग म्हणाला, ‘घरात बसून पैसे घ्यायचे, बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील?’ मला राग आला, खरं सांगते. आग लागली तर आपण विम्याचे पैसे घेतो, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. नऊ वर्षं महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये याच्याच खिशातून गेले. त्याच्या बायकोने शेवटी त्याला गाडीवर मागे बसवून नोव्हेंबरात कार्यालयात नेलं. अर्ज दिला आहे, कागद फिरतो आहे. वहिनी आज आल्या आहेत. त्यांचं नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

ही लाज आपल्याकडेच का, असा प्रश्न मला पडतो, कारण आमच्याच प्रोजेक्टचा दुसरा अर्धा भाग म्युनिकला आहे. तिथलेही अठरा लोक धोक्यात आहेत. त्यांच्याशी रोज दुपारी मीटिंग असते. काळजी त्यांनाही आहे, पण काळजीची जात वेगळी. तिथे प्रत्येकाच्या पगारातून बेकारी विम्याचे १.३ टक्के जातात, तितकेच मालक भरतो. नोकरी गेली तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के मिळतात. दोन वर्षं वर्गणी भरलेल्या, पन्नाशीच्या आतल्या माणसाला हे बारा महिने मिळतं, वय वाढेल तसे महिने वाढतात. मोठ्या पगाराला वरची मर्यादा आहे, पण मोठा पगार आहे म्हणून कुणी बाहेर राहत नाही. माझ्या वयाची एक सहकारी मला म्हणाली, वर्षभर भाडं निघेल, तोवर नवीन काहीतरी शिकेन. ती हे इतक्या सहज म्हणाली की मला हेवा वाटला. त्यांच्याकडेही सगळं आयतं नाही. नोकरी संपण्याच्या निदान तीन महिने आधी, आणि उशिरा कळलं तर कळल्यापासून तीन दिवसांत नाव नोंदवावं लागतं, काम शोधत असल्याचं दाखवावं लागतं. आणि ठोस कारण नसताना स्वतःहून राजीनामा दिला किंवा कंपनीशी समजुतीचा कागद केला, तर सहसा बारा आठवडे भत्ता बंद.

हा राजीनाम्याचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येते.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी आहे असं कुणी म्हणू नये. तासगाव तालुक्यातलं विसापूर आपल्यापैकी कितीतरी जणांचं आजोळ. त्याच गावचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची, आणि ती त्यांनी आधी गावात करून पाहिली. मग १९७२ चा दुष्काळ आला. सर, तुम्ही तो पाहिला आहे. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, पाझर तलावाची कामं. माझी आजी अशाच कामावर जात होती. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला, आणि त्यात लिहिलं होतं की काम देता आलं नाही तर सरकारने भत्ता द्यायचा, दिवसाला किमान एक रुपया. रक्कम सोडा. काम नसेल तर त्याची जबाबदारी माझी, हे सरकारने कागदावर मान्य केलं, आणि तेही माझ्या आजीसारख्या बाईसाठी.

पैसा कुठून आला? तुमच्या-माझ्या स्लिपवर ‘पीटी’ असतो ना, व्यवसाय कर, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. तो कर १९७५ ला मुख्यतः यासाठीच बसवला. शहरातल्या पगारदाराने भरायचा, तेवढीच भर राज्य सरकारने घालायची आणि गावाकडच्या मजुराला काम द्यायचं. मी वीस वर्षं तो भरते आहे, आणि आजीचं आठवून आनंदाने भरते. फक्त पगारदार स्वतः बेकार होऊ शकतो हे कुणाच्या मनातच आलं नाही. त्या काळी नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्ड जपून ठेवायचं आणि एकदा चिकटलं की चिकटलं. माझं कार्ड अजून आईच्या ट्रंकेत आहे.

मग माझ्यासारखीच्या हाताशी काय? ग्रॅच्युइटी, पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर. शेवटचा मूळ पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. ६० हजार मूळ पगार आणि अकरा वर्षं धरली तर सुमारे ३ लाख ८० हजार. आमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट एक लाख दहा हजार. म्हणजे साडेतीन महिने. हे गणित मी दिवाळीत फराळ करता करता वहीच्या मागच्या पानावर मांडलं, आमच्या गणिताच्या सरांनी शिकवलं तसं, एकक लिहून.

भविष्य निर्वाह निधी आहे, पण तो भत्ता नव्हे, आपलाच साठा. गेल्या ऑक्टोबरात विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता येतील आणि उरलेला पाव भाग बारा महिने बेकार राहिल्यावर. यावर बरीच ओरड झाली. माझं मत वेगळं आहे, तो पाव भाग राहू द्यावा. साठीला आपल्याला कोण विचारणार आहे? पण ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याला हे सांगायचा मला अधिकार नाही, हेही कळतं.

आणि एक गोष्ट जी पैशांच्या हिशोबात कुणी धरत नाही, ती म्हणजे कंपनीचा आरोग्य विमा. तो सहसा शेवटच्या दिवशीच संपतो. सासूबाईंचा मधुमेह आणि माझ्या वडिलांची बायपास त्याच पॉलिसीवर आहे. म्हातारपणी नवीन पॉलिसीत जुन्या आजारांना थांबावं लागतं. जाण्याच्या आधी विमा कंपनीकडे अर्ज करून ती वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येते का, हे मी डिसेंबरातच विचारायला घेतलं आहे. तुम्ही नोकरी शाबूत असताना विचारा, तेव्हा समोरचा नीट बोलतो.

आता तो राजीनामा. आमच्या क्षेत्रात ‘तुम्हाला काढलं’ असं सहसा कुणी लिहून देत नाही. एका खोलीत बोलावतात, दोन महिन्यांचा पगार देतो म्हणतात आणि राजीनामा टाइप करायला लावतात. माझ्या माहितीतल्या तिघांचं असं झालं. पुढच्या मुलाखतीत बरं दिसेल म्हणून माणूस सही करतो. पण कायद्याने कपात केली तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात कपात झालेल्या कामगारासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार मालकाने निधीत भरायचा, तो कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत यायचा, असंही आहे. राजीनामा दिला की ही कपातच राहत नाही. मी ‘कामगार’ आहे का, यावर वाद होऊ शकतो. माझ्या पदात ‘लीड’ आहे. पण पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय करते ते बघितलं जातं, आणि मी दिवसभर कोडच लिहिते. कुपवाडच्या मित्राच्या बाबतीत तर असा वादही नाही, पण त्याच्या भत्त्याच्या अर्जावरही पहिला प्रश्न हाच होता, काढलं की स्वतः सोडली? नशिबाने त्याच्याकडे कारखाना बंद झाल्याच्या नोटिशीचा फोटो होता.

मला मार्चमध्ये त्या खोलीत बोलावलं तर मी पहिल्या दिवशी सही करणार नाही. कागद घरी आणेन, वकिलाला दाखवेन. पहिल्या दिवशी नाही, एवढं माझं ठरलेलं आहे. पुढचं त्या वेळचं त्या वेळी.

संयोजक घड्याळ दाखवतायत. जेवणानंतर मी आपल्या जुन्या आठवी ‘ब’च्या वर्गात बसणार आहे. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी मोबाईलमधली पगाराची स्लिप घेऊन यावं. विमा क्रमांक कुठे असतो, वर्गणी भरली गेली आहे का, कसं बघायचं ते दाखवते. ज्यांचा कापला जायला हवा आणि कापला जात नाही, त्यांनी आधी यावं. वहिनीही बसतील म्हणाल्या आहेत, अर्जाला कोणते कागद लागले ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.