हाडात पू होऊ नये म्हणून
(पालक मेळाव्यातील भाषण)



हाड दगडासारखे निर्जीव असते अशी आपली समजूत आहे. वस्तुतः ते जिवंत असते. त्यातून रक्त वाहते आणि रक्ताबरोबर जंतूही तेथे पोचू शकतात. हाडात पू होण्याच्या या रोगाला अस्थिमज्जाशोथ म्हणतात. तो बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतो. हा जंतू पुष्कळांच्या नाकात व त्वचेवर एरवीही असतो. गळवातून किंवा खरचटलेल्या जागेतून तो रक्तात शिरतो. मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांशी, विशेषतः गुडघ्याजवळ, रक्त संथ वाहते. तेथे तो ठाण मांडतो. पू साचला की रक्तपुरवठा तुटतो, हाडाचा तुकडा मरतो आणि जखम वर्षानुवर्षे वाहत राहते.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन मिळू लागण्यापूर्वी या रोगाने पुष्कळ मुले दगावत. आज वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. अडचण होते ती उशिरामुळे. मूल तापाने फणफणले आहे, पाय टेकत नाही, हात लावू देत नाही, तर ‘मुरगळला असेल’ म्हणून चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिले दहाएक दिवस एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. ताप उतरला तरी औषध मध्येच सोडू नका. ते काही आठवडे घ्यावे लागते.

अपघातात हाड मोडून कातडी फाटली तर जखमेवर हळद, चुना, माती लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून इस्पितळ गाठा.

मधुमेही वडीलधाऱ्यांनी पाय सांभाळावेत. संवेदना कमी झाल्याने खडा रुतला तरी कळत नाही. जखम हाडापर्यंत जाते आणि कधी पाय कापण्याची पाळी येते. वुजूच्या वेळी आपण पाय धुतोच. दिवसातून एकदा तळवे व बोटांच्या बेचक्या नीट न्याहाळा आणि धुतल्यावर कोरड्या करा.

विद्यार्थी मित्रांनो, खेळताना खरचटले तर साबण-पाण्याने धुवा, लपवू नका. आणि आज ऐकलेले घरी अम्मीला, दादीला जरूर सांगा. मालिशच्या तेलाची बाटली बहुधा त्यांच्याच हाती असते.