घरी गेलेले मूल घरी राहिले काय?

(ग्राम बाल संरक्षण समितीच्या सदस्यांसाठी आयोजित प्रशिक्षण वर्गातील भाषण)



काही वर्षांपूर्वी बालगृहातील मुले पालकांच्या स्वाधीन केल्याची एक वार्ता मी प्रसिद्धीस दिली होती. मथळ्यातच मुलांची संख्या होती. ती वाचून एका प्राथमिक शिक्षकांनी विचारले, "त्यांपैकी आज घरी किती आहेत?" मला उत्तर देता आले नाही. मूल स्वाधीन केल्याची पोच मिळाली की नस्ती बंद, अशीच तेथील रीत होती.

हाच प्रश्न अमेरिकेतील संशोधकांनी चिकाटीने हाताळला आहे. डेव्हिड फॅन्शेल व यूजीन शिन यांनी १९६६ साली न्यूयॉर्क शहरात घराबाहेर ठेवाव्या लागलेल्या ६२४ मुलांचा पाच वर्षे मागोवा घेतला. त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतरही एक तृतीयांशाहून अधिक मुले घराबाहेरच होती. ज्यांचे आईवडील भेटीस येत राहिले, त्या मुलांचा घरी परतण्याचा संभव पुष्कळ अधिक होता. आपल्याकडील भेटींची नोंदवही मात्र बहुधा तपासणीच्या दिवशीच उघडली जाते!

या अभ्यासातील मोजणी मूल दाखल झाल्या दिवसापासून होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. समजा, एका बालगृहात दरमहा एक मूल येते व महिनाभराने घरी जाते. शिवाय दरवर्षी एक मूल असे येते की ते दहा वर्षे राहते. कोणत्याही दिवशी शिरगणती केल्यास अकरा मुले दिसतील व त्यांपैकी दहा दीर्घकाळ राहणारी असतील. वर्षभरात दाखल झालेल्या तेरा मुलांत मात्र असे मूल एकच असेल. बालगृह तेच, पण दोन अहवाल दोन निराळी चित्रे रंगवतील.

परतीचा वेग हेच यश मानले, तर अपुरी तयारी असलेल्या घरातही मूल लोटले जाण्याचा धोका असतो. म्हणून अमेरिकेच्या संघीय शासनाच्या पाहणीत बारा महिन्यांत किती मुले कायम घरी स्थिरावली, याच्या जोडीने घरी गेलेली किती मुले पुढील बारा महिन्यांत परत आली, हेही मोजतात. वास्तव्याचे स्थैर्य पाहण्यासाठी दर हजार दिवसांमागे मुलाची किती स्थलांतरे झाली, असा हिशेब असतो. अडीचशे दिवसांत दोनदा जागा बदललेल्या मुलाचा दर आठ येतो. हजार दिवसांत दोनदा बदललेल्याचा दोन. नुसती 'दोन स्थलांतरे' असे लिहिले, तर ही दोन्ही मुले सारखीच ठरतात.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानेही संस्थेतील वास्तव्य हा अखेरचा उपाय मानला असून मुलाला कुटुंबात परत नेणे हे बालगृहाचे प्रमुख उद्दिष्ट ठरविले आहे. तेव्हा समितीच्या वहीत मूल परतल्याच्या तारखेपुढे तीन, सहा व बारा महिन्यांचे रकाने ओढावेत. मूल कोणाकडे राहते, शाळेत येते काय, मधल्या काळात मामाकडे अथवा ऊसतोडीला गेले काय, एवढे त्यांत लिहावे. शाळेच्या हजेरीपत्रकावरून यातील बरेचसे कळते. न कळल्यास रकाना कोरा ठेवावा. 'ठीक आहे' असे लिहू नये.